डायनोचा आकडा का चुकतो: रोलर, वजने आणि पुण्याची हवा

एकच गाडी जानेवारीत आणि जुलैत चासिस डायनोवर, म्हणजे गाडीची चाके रोलरवर फिरवून तिची शक्ती काढणाऱ्या यंत्रावर, वेगळी अश्वशक्ती दाखवते. भोसरीतल्या शेडमधला आलेख चाकणच्या शेडमधल्या आलेखाशी जुळत नाही. दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या नाहीतर ट्यूनिंगच्या माथी मारला जातो. पण डायनो अश्वशक्ती थेट मोजतच नाही. ब्रेक असलेला डायनो टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फिरण्याचा वेग मोजतो, जड ड्रम फिरवणारा इनर्शिया डायनो फक्त फेरे आणि वेळ मोजतो. पुढचा सगळा हिशेब असतो, आणि त्या हिशेबातली गृहीते दोनशेहून अधिक वर्षांत, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या कामांसाठी ठरलेली आहेत. चूक शोधायची तर ती कुठून आली हे माहीत असावे लागते.

सुरुवात एककापासून. वाफेच्या इंजिनाची घोड्याशी तुलना करताना जेम्स वॉटने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे माप धरले, ते ७४५.७ वॅट भरते. युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे पीएस, ७३५.५ वॅटची. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत बऱ्याचदा पीएस छापलेले असते आणि डायनोचे सॉफ्टवेअर एचपीवर ठेवलेले असते. १०० पीएस म्हणजे ९८.६ एचपी, त्यामुळे काही बिघडलेले नसतानाही जवळजवळ दीड टक्का कमी दिसतो. शिवाय माहितीपत्रकातला आकडा क्रँकशाफ्टवरचा (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचा) आणि डायनोवरचा चाकांवरचा, हे वेगळेच.

फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या शाफ्टवर लाकडी ब्रेक आवळला, त्याला लांब हात जोडला आणि हाताच्या टोकाशी वजने टांगली. वजन गुणिले हाताची लांबी म्हणजे टॉर्क. विल्यम फ्राउडने १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी लाकडाऐवजी पाण्याचा ब्रेक आणला, १९३० च्या दशकात चुंबकाच्या जोरावर फिरती चकती रोखणारे एडी करंट ब्रेक आले, १९३८ मध्ये ताण मोजणारे स्ट्रेन गेज आल्यावर वजनकाट्याची जागा पुढे लोड सेलने, म्हणजे बळ मोजणाऱ्या विद्युत सेन्सरने, घेतली. तत्त्व मात्र प्रोनीचेच राहिले, आणि चूकही तिथेच होते: हाताच्या लांबीत आणि वजनात.

म्हणून ब्रेकवाल्या डायनोवर पहिली तपासणी लोड सेलची. कॅलिब्रेशनचा (माप पडताळण्याचा) हात बसवून स्पिरिट लेव्हलने आडवा करा. हात तिरका असेल तर त्याची परिणामी लांबी कमी होते. हात बसवलेल्या अवस्थेतच शून्य घ्या, नाहीतर हाताचे स्वतःचे वजन प्रत्येक वाचनात मिसळते. मग वजने पाच टप्प्यांत चढवा आणि त्याच टप्प्यांत उतरवा. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला वेगळे वाचन आले तर सेल अडकतो आहे: सांध्याचे बेअरिंग कोरडे पडलेले असते किंवा केबल ताणलेली असते. वजने वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलीच घ्या. व्यायामशाळेतली २० किलो छापलेली चकती अर्ध्या किलोने कमी भरली तरी अडीच टक्क्यांची चूक कायमची बसते.

यात पुण्याचा एक बारीक मुद्दा आहे. गुरुत्वीय त्वरण इथे सुमारे ९.७८ आहे, पाठ्यपुस्तकातले ९.८१ नव्हे. अर्ध्या मीटरच्या हातावर २० किलो टांगले की टॉर्क ९७.८ न्यूटन-मीटर होतो. सॉफ्टवेअरला ९८.१ सांगितला तर पुढचे प्रत्येक वाचन ०.३ टक्के जास्त येईल. चूक लहान आहे, पण ती फुकटात दुरुस्त होते.

शून्याकडे दिवसभरात पुन्हा पाहावे लागते. हवेने थंड होणारा एडी करंट रिटार्डर, म्हणजे डायनोचा ब्रेक, लागोपाठच्या रनमध्ये (चाचणीच्या फेऱ्यांत) प्रचंड तापतो. तापलेल्या रोटरची ब्रेक धरण्याची ताकद घटते. लोड सेल उरलेला टॉर्क प्रामाणिकपणे मोजतो, पण गाडी ठरलेल्या वेगावर थांबत नाही आणि आलेख वर-खाली होतो. उष्णता सेलपर्यंत पोचली की शून्यही सरकते. प्रत्येक गाडी चढवण्याआधी रोलर थांबलेले असताना शून्य तपासणे एवढाच यावर उपाय.

रोलरवर वाहन चालवण्याची कल्पना रेल्वेची. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १८९१ मध्ये वाफेचे इंजिन रोलरवर उभे करून चाचणी सुरू झाली, इंग्लंडमध्ये स्विंडनला १९०४ मध्ये तसेच केंद्र आले. तिथे लोखंडी चाक लोखंडी रोलरवर फिरत होते. मोटारगाडी आली तेव्हा मधे रबर आले. रबर दबते, तापते आणि शक्ती खाते. उत्सर्जनाच्या प्रयोगशाळांत ८.६५ इंच व्यासाचे दोन छोटे रोलर बरीच वर्षे प्रमाण होते. त्यांच्यामध्ये टायर दोन ठिकाणी चिमटला जातो आणि रस्त्यावरच्यापेक्षा जास्त तापतो. पुढे अशा प्रयोगशाळा ४८ इंचांच्या एकाच मोठ्या रोलरकडे वळल्या. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थांत आणि १९९१ पासून देशात उत्सर्जनाच्या मर्यादा लागू झाल्यावर चासिस डायनोचे मुख्य काम रस्त्यावरचा विरोध हुबेहूब उभा करणे हे होते. जास्तीत जास्त अश्वशक्ती शोधणे हा त्या यंत्राचा मूळ हेतू नव्हे.

ट्यूनिंगच्या शेडमध्ये याचा परिणाम दिसतो तो पट्ट्यांवर आणि टायरवर. गाडी घसरू नये म्हणून पट्टे कचकचून आवळले की टायरवरचा भार वाढतो, रबर जास्त दबते आणि चाकांवरची शक्ती कमी दिसते. पट्टे सैल ठेवले तर टायर घसरतो आणि आलेखात मधेच काटे येतात. दोन रनची तुलना करायची असेल तर टायरची हवा, पट्ट्यांचा कोन, रॅचेटचे खटके आणि टायरचे तापमान सारखे हवे. पहिला रन थंड टायर आणि थंड गिअर ऑइलवरचा असतो. तो हिशेबात धरू नका. त्यानंतरचे तीन रन एक-दीड टक्क्याच्या आत जुळत नसतील तर ट्यूनिंगला हात लावू नये, आधी बांधणी पाहावी.

इनर्शिया डायनोने लोड सेलच काढून टाकला. जड ड्रमचे जडत्व माहीत आहे, त्याचा वेग किती वेळात वाढला ते मोजले की शक्ती निघते. यंत्र साधे आणि पुनरावृत्तीला चांगले, पण सेटिंगमधले जडत्व ३ टक्के चुकले तर अश्वशक्ती नेमकी तेवढीच चुकते. जडत्व किलो-चौरस मीटरमध्ये भरले असेल तर ड्रमचा व्यास चुकल्याने वेग चुकतो, अश्वशक्ती नाही. तेच समतुल्य वस्तुमान म्हणून भरले असेल तर व्यासातली चूक वर्गाने वाढते. १ टक्क्याची २ टक्के होते. ड्रमला ब्रेक जोडलेला असेल तर जडत्व पडताळता येते: गाडी उतरवा, ड्रम वेगात आणा, ज्ञात टॉर्कने ब्रेक लावा आणि वेग उतरण्याचा दर मोजा. ब्रेक न लावता नुसत्या बेअरिंगच्या घर्षणाने आणि हवेने तो किती उतरतो ते वजा करायला मात्र विसरू नका.

इथे हमखास होणारा गोंधळ आरपीएमचा, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा. इनर्शिया डायनोला अश्वशक्तीसाठी इंजिनाचे आरपीएम लागत नाही, टॉर्कसाठी लागते. वेस्टेड स्पार्क (एक जादा, वाया जाणारी ठिणगी) असलेल्या इंजिनात एका चक्रात दोन ठिणग्या पडतात. ठिणग्या मोजणाऱ्या पिकअपचे सेटिंग एका ठिणगीचे असेल तर आरपीएम दुप्पट आणि टॉर्क निम्मा दिसतो, अश्वशक्ती जागेवर असते. दोष ओळखण्याची ही सोपी खूण आहे. अश्वशक्तीच गिअरप्रमाणे बदलत असेल तर कारण वेगळे: खालच्या गिअरमध्ये फ्लायव्हील झपाट्याने फिरवण्यात बरीच शक्ती जाते आणि ती ड्रमपर्यंत पोचत नाही. १:१ च्या जवळचा गिअर ठरवून तोच कायम वापरावा.

पण पुण्यात सगळ्यात मोठी चूक होते ती हवेच्या दुरुस्तीत. विरळ, गरम किंवा दमट हवेत इंजिन कमी शक्ती देते, म्हणून मोजलेला आकडा एका गुणकाने गुणून प्रमाण हवेला आणतात. त्याच्या प्रमाणकांपैकी जुन्या एसएई जे-६०७ मध्ये प्रमाण हवा साधारण १५.५ अंशांची आणि समुद्रसपाटीच्या दाबाची होती. नंतरच्या जे-१३४९ मध्ये ती २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरडी हवा अशी झाली. त्याच रनला जुने माप सुमारे ४ टक्के जास्त आकडा देते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कोणते निवडले आहे ते आधी पाहावे. जे-१३४९ चा गुणक असा निघतो: ९९० भागिले कोरड्या हवेचा दाब, गुणिले केल्विन तापमान भागिले २९८ याचे वर्गमूळ, त्याला १.१८ ने गुणून ०.१८ वजा.

पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात इथला प्रत्यक्ष दाब ९४२ मिलिबारच्या आसपास असतो. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर वाफेचा दाब ३२ मिलिबार, म्हणजे कोरडी हवा ९१० आणि गुणक १.११. जानेवारीत ९५० मिलिबार, २० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेला तोच गुणक १.०५ होतो. आता मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधला दाब पाहा: तो पावसाळ्यात १००५ च्या आसपास दिसेल, कारण हवामानशास्त्रज्ञ नकाशासाठी दाब समुद्रसपाटीला आणून देतात. शिवाजीनगरचे शिमला ऑफिस, जिथे हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून आले, तिथेही वेधशाळेच्या पातळीवरचा दाब आणि समुद्रसपाटीचा दाब या दोन वेगळ्या नोंदी असतात. डायनोला पहिली हवी. १००५ भरला तर गुणक १.०३ येतो आणि चाकांवर १०० मोजलेली गाडी १११ ऐवजी १०३ दाखवते. डायनोच्या हवामान केंद्राने पुण्यात हजाराच्या वर दाब दाखवला तर सेन्सर चुकीचा आहे किंवा कोणीतरी त्याला समुद्रसपाटीच्या सेटिंगवर ठेवले आहे, हे नक्की समजा.

तापमानाचा सेन्सर दाराशी ठेवायचा नसतो, तो इंजिन जिथून हवा ओढते तिथे लागतो. दाराशी ३८ आणि बॉनेटखाली ५० अंश असतील तर सुमारे २ टक्के शक्ती हिशेबाबाहेर राहते, नॉकमुळे (इंधनाच्या अवेळी भडक्यामुळे) ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, ठिणगीचे टायमिंग मागे घेतले तर आणखी.

शिवाय आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाप्रमाणे पेट्रोल इंजिनाचा गुणक ०.९३ ते १.०७ या पट्ट्यात असला तरच चाचणी वैध धरतात. त्याबाहेर गेल्यास दुरुस्त आकड्याबरोबर चाचणीची हवा लिहावी लागते. पुण्याचा पावसाळा या पट्ट्याच्या बाहेर आहे. जुलैचा रन जानेवारीशी ताडून पाहायचा असेल तर दोन्हींचे मोजलेले, दुरुस्ती न केलेले आकडे आणि दाब-तापमान-आर्द्रता शेजारी हवीत.

टर्बोवर हा गुणक सरळ लावणे तर चुकीचेच. बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) निरपेक्ष दाबावर नियंत्रित करणारा ईसीयू विरळ हवेत टर्बो जास्त फिरवून सिलिंडरमधली हवा जवळजवळ तेवढीच ठेवतो. न गमावलेली शक्ती ११ टक्क्यांनी परत दिली की कागदावर खोटे घोडे येतात. टर्बो डिझेलसाठी आयएसओचे सूत्रच निराळे आहे: दाबाच्या गुणोत्तराचा घात ०.७, तापमानाचा १.५, आणि त्यावर इंधनाच्या मात्रेप्रमाणे ०.३ ते १.२ असा आणखी एक घात. वरच्याच पावसाळी हवेत ते २ ते ९ टक्के दुरुस्ती देते. सॉफ्टवेअरमध्ये हे सूत्र नसेल तर टर्बो गाडीचा आलेख दुरुस्ती बंद करून छापावा आणि त्यावर त्या वेळचा दाब लिहावा.