दोरी, खुंटी आणि काटकोन

मागच्या रविवारी पाथर्डी फाट्याजवळ बहिणीच्या प्लॉटवर कंपाउंडची आखणी होती. ३० बाय ४० चा साधा प्लॉट, रस्त्याकडे ४० फूट आणि आत ३०. मिस्त्रींनी रस्त्याच्या कडेने दोरी ताणली, कोपऱ्याच्या खुंटीपासून ४ फुटावर खूण केली, मग आतल्या दिशेला दुसरी दोरी सोडून तिच्यावर ३ फुटावर खूण केली, आणि आता टेप तिरका धरून ती दुसरी दोरी हळूहळू सरकवत राहिले, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत. ५ आलं की म्हणाले, "झालं, गुण्यात आला." म्हणजे कोपरा काटकोनात बसला.

भाची दहावीत आहे, ती शेजारीच उभी होती. म्हणाली हे तर पायथागोरस, तीनचा वर्ग ९, चारचा १६, बेरीज २५ म्हणजे पाचचा वर्ग. बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. प्रमेय म्हणतं काटकोन असेल तर बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी. मिस्त्रींकडे काटकोन होता कुठे? तो तर बनवायचा होता! ५ मोजून त्यांनी काटकोन आहे असं ठरवलं, म्हणजे ते उलट्या दिशेने गेले आणि यालाच पुस्तकात व्यत्यास म्हणतात.

"मावशी, व्यत्यास म्हणजे तेच वाक्य उलटं लिहायचं ना फक्त?"

नाही गं, उलटं लिहिलेलं खरं असेलच असं नाही. चौरसाच्या चारही बाजू सारख्या असतात, पण चारही बाजू सारख्या म्हणजे चौरस का? शंकरपाळी बघ, चारही बाजू सारख्या आणि तरी कलंडलेली. म्हणून व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो.

आणि इथला व्यत्यास डोळ्यांना दिसतो, म्हणून मला तो फार आवडतो. ३ आणि ४ च्या दोन्ही दोऱ्या कात्रीच्या पात्यांसारख्या समजा. कात्री जास्त उघडली की टोकांमधलं अंतर वाढतं, मिटली की कमी होतं. म्हणजे अंतर नेमकं ५ होईल अशी उघडण्याची जागा एकच असणार. आणि काटकोनात उघडली तर अंतर ५ येतं हे प्रमेयाने आधीच सांगितलंय, मग ती एकमेव जागा काटकोनाचीच, दुसरी असूच शकत नाही.

आपल्याकडे ही दोरीची भूमिती फार जुनी आहे. यज्ञाच्या वेदी आखायचे नियम ज्या ग्रंथांत आहेत त्यांचं नावच शुल्बसूत्रं, शुल्ब म्हणजे दोरी, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाची हीच गोष्ट आलीय, वर ३-४, ५-१२, ८-१५ अशा जोड्याही दिल्यात. ५-१२ चा कर्ण १३ आणि ८-१५ चा १७, करून बघा.

आता गंमत अशी की ३० बाय ४० म्हणजे ३-४-५ चीच दहापट, तेव्हा पूर्ण प्लॉटचा कर्ण ५० फूट यायला हवा. छोट्या त्रिकोणात पाव इंच इकडेतिकडे झालं तर ते डोळ्याला दिसत नाही, पण समरूप, म्हणजे त्याच आकाराच्या मोठ्या त्रिकोणात चूकही त्याच पटीत वाढते, ३ फुटात पाव इंच म्हणजे ३० फुटात अडीच इंच. म्हणून मिस्त्री शेवटी दोन्ही कर्ण मोजतातच. चारही बाजू बरोबर असून एक कर्ण मोठा आणि दुसरा छोटा आला तर आयत नाही, शंकरपाळीकडे झुकलेला चौकोन झालाय.

भाचीने टेपचं एक टोक धरलं. पहिला कर्ण ५० फूट २ इंच, दुसरा ४९ फूट १० इंच. मिस्त्रींनी मागच्या दोन्ही खुंट्या उपटल्या, अडीच इंच बाजूला ठोकल्या, परत टेप लावला. ५०. दुसरीकडून ५०. मग त्यांनी दोरीवरून चुन्याची फक्की मारायला घेतली.