मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग : स्त्रियांमधील उपचार आणि प्रतिबंध

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि लघवी बाहेर नेणारी शेवटची नळी म्हणजे मूत्रमार्ग, यांपैकी कोठेही जंतू वाढून दाह झाला की त्याला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग म्हणतात. दवाखान्यात याला ‘युरिन इन्फेक्शन’ किंवा ‘यूटीआय’ म्हणतात, घरात ‘उन्हाळी लागली’ असे सांगतात. जगातील सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि त्यांतील २० ते ३० टक्के जणींना सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा होतो. संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर लघवीला जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, गेल्यावर थेंबभरच होते, ओटीपोट दुखते, कधी लघवी लालसर दिसते. ताप मात्र सहसा नसतो. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीच्या एका बाजूला दुखणे, मळमळ, उलटी अशी लक्षणे दिसली तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कारणे

७५ ते ९० टक्के वेळा दोषी असतो तो ई. कोलाय हा जंतू. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. तो आपल्या सर्वांच्या मोठ्या आतड्यात एरवी निमूट राहतो. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो. स्त्रियांमध्ये ही नळी जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषांमध्ये वीसच्या आसपास. शिवाय स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार ही तिन्ही द्वारे जवळजवळ असतात. जंतूला मूत्राशयापर्यंतची वाट फारच आखूड पडते. आत गेल्यावर तो लघवीच्या धारेबरोबर वाहून का जात नाही? त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला असलेले प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरातील मॅनोज या शर्करेला घट्ट धरते. काही जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून तेथे वाढतात. बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी त्रास पुन्हा उद्भवतो, त्याचे हे एक कारण मानले जाते. क्लेब्सिएला, एंटरोकॉकस, प्रोटियस आणि तरुण स्त्रियांमध्ये स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस हे जंतूही आढळतात.

शरीरसंबंधांच्या वेळी जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत हा त्रास बऱ्याच जणींना होतो. शुक्रजंतुनाशक जेली किंवा तसा लेप असलेले निरोध वापरल्यास धोका आणखी वाढतो, कारण त्यांनी योनीतील लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू मरतात. हे जंतू योनीतील आम्लता टिकवतात आणि ई. कोलायला तेथे पाय रोवू देत नाहीत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक घटते, तेव्हाही हेच राखणदार कमी होतात. मधुमेह, मुतखडा, गर्भाशय खाली सरकणे, लघवी पूर्ण न होणे आणि लघवीची नळी घातलेली असणे ही आणखी काही कारणे.

हा अस्वच्छतेचा रोग नव्हे, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. सासरी, कामावर किंवा वसतिगृहात ‘स्वच्छता पाळत नाही म्हणून होतं’ असे ऐकावे लागते म्हणून कितीतरी मुली दुखणे अंगावर काढतात. प्रत्यक्षात साबणाने किंवा सुवासिक ‘इंटिमेट वॉश’ने आतून धुण्याच्या अतिरेकाने नुकसानच होते. बाहेरून साधे पाणी पुरते.

निदान

जळजळ आणि वारंवार लघवी आहे, पण अंगावरून पांढरे जाणे किंवा योनीत खाज नाही, एवढ्या माहितीवर मूत्राशयाच्या संसर्गाची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे निरोगी तरुण स्त्रीला पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर डॉक्टर पुष्कळदा तपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि ते योग्यच आहे. त्रास पुन्हा होत असेल, ताप असेल, गर्भारपण असेल किंवा आधीच्या औषधाने गुण आला नसेल, तर लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ते ओळखण्याची तपासणी, करावे आणि त्यासाठीचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधीच द्यावा. आपल्याकडे हा क्रम फार वेळा उलटा होतो. आधी मेडिकलमधून दोन गोळ्या आणल्या जातात, मग तपासणी होते. जंतू अर्धवट दबलेले असतात, कल्चर ‘निगेटिव्ह’ येते आणि कोणते औषध लागू पडेल हे कळण्याची संधी हातची जाते.

नमुना देण्याची रीत साधी असली तरी ती समजावून सांगायला प्रयोगशाळेत वेळ नसतो. हात धुवावेत, बाहेरचा भाग पाण्याने धुऊन पुसावा, योनीचे ओठ बोटांनी बाजूला धरावेत. पहिली धार संडासात सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, उरलेली पुन्हा संडासात. डबीच्या किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. नीट न घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे तीन-चार प्रकारचे जंतू उगवतात आणि अहवालाचा काही उपयोग होत नाही.

अहवाल वाचतानाही सावधगिरी हवी. १ मिलिलिटर लघवीत १ लाख जंतू ही मर्यादा एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात मांडली. पण लक्षणे स्पष्ट असलेल्या स्त्रीमध्ये त्याहून पुष्कळ कमी जंतूही खरा संसर्ग दाखवू शकतात. उलट, काहीही त्रास नसताना नेहमीच्या तपासणीत ‘पस सेल्स’ म्हणजे पुवाच्या पेशी थोड्या जास्त आल्या म्हणून अँटिबायोटिक देणे चूक आहे. लक्षणांशिवाय लघवीत जंतू सापडणे वयस्क स्त्रियांमध्ये नेहमीचेच आहे. गर्भारपण आणि मूत्रमार्गावरची काही शस्त्रकर्मे सोडली तर त्यावर उपचार करू नयेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पस सेल्स सतत दिसतात पण साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, अशा वेळी भारतात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. लैंगिक संसर्ग आणि मुतखडाही तपासावा.

उपचार

मूत्राशयापुरत्या संसर्गासाठी आज सर्वाधिक पसंती आहे ती दोन जुन्या औषधांना. नायट्रोफ्युरँटॉइन अमेरिकेत १९५३ मध्ये वापरात आले. फॉस्फोमायसिन १९६९ मध्ये स्पेनमधील मातीत सापडलेल्या जंतूपासून मिळाले. मधली काही दशके सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन यांसारखी नवी औषधे सर्रास दिली गेली आणि ही दोन मागे पडली. त्यामुळेच ई. कोलायला त्यांचा सराव झाला नाही आणि ती आजही बहुतेक वेळा चालतात. नायट्रोफ्युरँटॉइनचा नेहमीचा क्रम म्हणजे १०० मिलिग्रॅमची लांब परिणामाची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, पाच दिवस. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याने घाबरू नये. मूत्रपिंडांचे काम फार मंदावलेले असेल तर ते देत नाहीत आणि बाळंतपण जवळ आलेले असतानाही टाळतात. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी एकदाच, पाण्यात ढवळून, रात्री लघवी करून झोपण्याआधी घ्यावी, म्हणजे औषध मूत्राशयात रात्रभर टिकते. ही दोन्ही औषधे रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेशी साठत नाहीत, म्हणून तापासह आलेल्या मूत्रपिंडाच्या संसर्गाला ती चालत नाहीत. तेथे कल्चर पाहून निवडलेले, बऱ्याचदा शिरेतून द्यावे लागणारे औषध लागते. कोट्रायमॉक्साझोल तीन दिवस देणे हाही एक पर्याय आहे, पण परिसरातील २० टक्क्यांहून कमी जंतू त्याला दाद देईनासे झाले असतील तरच.

भारतात प्रश्न नेमका येथे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून रुग्णालयांतील जंतूंच्या प्रतिकारावर नजर ठेवणारे जाळे उभारले. त्यात ई. कोलायचा सिप्रोफ्लॉक्सासिन आणि तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन गटातील अँटिबायोटिकांना असलेला प्रतिकार फार मोठा दिसतो. तरीही लघवीच्या जळजळीसाठी याच गटांतील सेफिक्झिम किंवा ऑफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दुकानातून मागून घेतल्या जातात. दोन दिवसांत बरे वाटले की पाकीट पुढच्या वेळेसाठी कपाटात जाते आणि नंतर शेजारणीला दिले जाते. संसर्ग हट्टी होण्याची ही सर्वांत खात्रीची वाट आहे.

लघवीची आम्लता कमी करणारे सायट्रेटचे गोड सिरप आपल्याकडे घरोघरी असते. त्याने जळजळ कमी वाटू शकते, पण जंतू मरत नाहीत, आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत अधिक प्रभावी असल्याने दोन्ही एकत्र घेणे शहाणपणाचे नाही. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी, जवाची पेज, नारळपाणी हे घरगुती उपाय द्रव पोटात जाण्यासाठी चांगलेच. चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे त्रासदायक लघवीचे, आठ प्रकार सांगितले आहेत, म्हणजे हे दुखणे आपल्याकडे किती जुन्या काळापासून माहीत आहे ते दिसते. जर्मनीत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. त्या गटात मूत्रपिंडाचा संसर्ग मात्र थोडा जास्त झाला. सौम्य त्रास असलेल्या निरोगी स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन दिवस वाट पाहणे म्हणूनच चूक नाही. ताप, मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर वाट पाहू नये.

गर्भारपणाचा नियम वेगळा आहे. वाढते गर्भाशय आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक यांमुळे मूत्रवाहिन्या सैल होतात, लघवी साचते आणि जंतू वर चढणे सोपे होते. २ ते १० टक्के गर्भवतींच्या लघवीत लक्षणांशिवाय जंतू सापडतात. उपचार न केल्यास त्यांतील बऱ्याच जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, अकाली प्रसूतीचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचाही धोका असतो. म्हणून पहिल्या तिमाहीतच कल्चर करून घ्यावे आणि ते पॉझिटिव्ह आले तर त्रास नसतानाही औषध पूर्ण घ्यावे.

वारंवार होणारा संसर्ग आणि प्रतिबंध

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी योनीत लावायचे इस्ट्रोजेन क्रीम हा उत्तम उपाय आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने संसर्गाचे प्रमाण ठळकपणे घटले होते. इस्ट्रोजेनच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांनी हा फायदा होत नाही. क्रीमची लाज वाटून कितीतरी आज्या वर्षानुवर्षे अँटिबायोटिक घेत राहतात. मेथेनामाइन हिप्प्युरेट हे अँटिबायोटिक नसलेले औषध रोज घेतलेल्या अँटिबायोटिकच्या तोडीचे ठरते, असे २०२२ च्या एका ब्रिटिश चाचणीत दिसले. क्रॅनबेरी या आंबट फळाने वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांना काहीसा फायदा होतो. तिच्याबरोबर विकल्या जाणाऱ्या डी-मॅनोज या शर्करेच्या पुडीचा मात्र २०२४ च्या मोठ्या चाचणीत काही उपयोग दिसला नाही. शरीरसंबंधांनंतरच त्रास होत असेल तर त्या वेळेपुरता अँटिबायोटिकचा एकच डोस देता येतो. पुढून मागे पुसणे आणि संबंधांनंतर लघवीला जाणे यांचा पुरावा कच्चा आहे, पण त्यांनी अपाय काहीच होत नाही.

पाण्याचा पुरावा मात्र पक्का आहे. रोज दीड लिटरहून कमी द्रव घेणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना रोज दीड लिटर जास्तीचे पाणी प्यायला सांगितले होते. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर नेहमीइतकेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा.

पाणी प्या म्हणून सांगणे सोपे आहे, पण पाणी प्यायले की लघवीला जावे लागते. कसाऱ्याहून किंवा विरारहून निघालेली नोकरदार बाई सकाळी चहासुद्धा अर्धाच पिते, कारण उतरल्यावर जाण्याजोगी जागा मिळेल याची खात्री नसते. चौकात उभी राहणारी वाहतूक पोलीस, फडावर पहाटेपासून कोयता चालवणारी ऊसतोडणी कामगार, पाणी नसलेल्या स्वच्छतागृहाच्या शाळेतली मुलगी, भाजी विकणारी मावशी, सगळ्या हेच करतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणजे लघवीच्या हक्काच्या मोहिमेने हा प्रश्न लावून धरला. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा तिच्या तक्रारींतला एक मुद्दा होता. ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने पुण्याच्या महापालिका आयुक्तांविरुद्ध केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला. स्त्रियांसाठी स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृहे पुरवणे ही महापालिकांची जबाबदारी असल्याचे त्यात सांगितले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र शौचालयांची तरतूद होती. उसाचा फड मात्र कारखान्याच्या हद्दीत येत नाही. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या बाईला औषध लिहून देताना ती दिवसभर कोठे काम करते आणि तेथे लघवीला कोठे जाते, हे डॉक्टरांनी विचारायला हवे. जागाच नसेल तर निदान पहाटे, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी पोहोचल्यावर भरपूर पाणी पिऊन मूत्राशय पूर्ण रिकामे करणे एवढे तिच्या हातात असते.