डब्बा (बालआजार)

डब्बा : पाच वर्षांखालील मुलांना होणाऱ्या न्यूमोनियाचे विदर्भातील लोकनाव. ‘लेकराले डब्बा झाला’, ‘पोट उडून रायलं’ असे आई सांगते तेव्हा तिने खोकला, धाप आणि बाळाच्या पोटाची वेगाने होणारी वरखाल पाहिलेली असते. मात्र हे नाव फार ऐसपैस आहे. साधी सर्दी, लहान श्वासनलिकांना विषाणूमुळे येणारी सूज, बाळदमा आणि फुप्फुसात खोलवर झालेला जंतुसंसर्ग या सगळ्यांना गावात डब्बाच म्हणतात. यातली साधी सर्दी काही दिवसांत आपोआप बरी होते, फुप्फुसातला जंतुसंसर्ग मात्र उपचाराविना दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. दोन्हींना नाव एकच असल्यामुळे बऱ्या झालेल्या सर्दीचे श्रेय पोटावर चटके (डाग) देणाऱ्याला मिळते आणि न्यूमोनियाच्या बाळाचे मोलाचे दिवस वाया जातात.

ओळख

आईच्या नजरेत फारशी चूक नसते. ती नजर फक्त थोडी वर सरकवायची असते. तान्ही मुले श्वास घेतात तीच मुळी पोटाने, म्हणून निरोगी बाळाचेही पोट हलताना दिसते. पाहायची जागा पोटाच्या वर, बरगड्यांच्या खालच्या कडेला आहे. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. त्याच क्षणी खालच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर फुप्फुस कडक झाले आहे आणि बाळ जीव एकवटून हवा ओढते आहे. बाळ शांत असतानाही अशी ओढ कायम दिसली, तर आजार गंभीर समजावा.

दुसरी खूण मोजण्याची. बाळाला आईच्या मांडीवर निजवून झबले वर करावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल, तर मोजणी खरी येत नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणेही चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे. दोन महिन्यांखालील बाळाचा आकडा ६० च्या वर आला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून खात्री करतात. खोकला किंवा धाप आणि त्यासोबत जलद श्वास एवढ्यावर न्यूमोनियाचा उपचार सुरू करता येतो. त्यासाठी क्ष-किरण यंत्राची वाट पाहायची नसते, आणि भामरागडसारख्या तालुक्यात, जिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच तुटतो, तिथे ती पाहणे परवडणारेही नाही.

मूल पाणी किंवा अंगावरचे दूध पिईनासे होणे, प्यायलेले सगळे ओकून टाकणे, झटके येणे, हाक मारूनही जागे न होणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे यांपैकी एकही खूण दिसली तर मोजणीतही वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती पोचत नसेल तर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

दोन महिन्यांखालील बाळ हा वेगळाच विषय आहे. त्याला खोकला येईलच असे नाही, तापही नसू शकतो. उलट अंग गार पडते, रडणे क्षीण होते, आणि कालपर्यंत ओढून दूध पिणारे बाळ स्तन तोंडात धरून नुसते पडून राहते. ‘बाळ आज फार शांत आहे’ हे वाक्य घरातल्यांनी गांभीर्याने घ्यावे. या वयात जलद श्वास किंवा बरगड्यांची ओढ दिसली तर घरी उपचार करू नयेत, बाळाला दवाखान्यातच न्यावे.

गडचिरोलीतील काम

डब्बा गावातच ओळखता येतो आणि गावातच बरा करता येतो, हे गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून ५८ गावांत आरोग्य कर्मचारी, गावातले कार्यकर्ते आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. तुलनेसाठी ४४ गावे घेतली. सुइणींपैकी अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधन तयार झाले. एका मिनिटाची वाळूची घटिका उलटी करायची, दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी हात लाल मण्यापर्यंत पोचला तर डब्बा. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू या गावांत तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहूनही कमी झाले. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ तपासते, ती पद्धत याच कामातून देशभर गेली.

उपचार

जलद श्वास आहे पण धोक्याची खूण नाही अशा, दोन महिन्यांवरील मुलाला अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देतात : वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पूर्वी यासाठी को-ट्रायमोक्सॅझोल वापरत. गडचिरोलीच्या प्रयोगातही तेच होते. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागले की औषध बंद करण्याचा मोह सगळ्याच घरांत होतो. तसे केल्यास आजार उलटू शकतो, म्हणून पाचही दिवस औषध द्यावे. दोन दिवसांनी मुलाला पुन्हा दाखवावे. श्वास तेवढाच जलद असेल, तर औषध लागू पडलेले नाही.

मोजणीत न बसणारा साधा खोकला असेल, तर प्रतिजैविक नकोच. अंगावरचे दूध वारंवार पाजावे, नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत, वर्षाच्या वरच्या मुलाला थोडा मध चाटवावा. खोकल्याचे पातळ औषध दुकानातून आणून देऊ नये. २०२५ मध्ये विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या अशाच औषधाने मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन अनेक मुले दगावली. त्यांपैकी कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते.

डाग, बिब्बा आणि भूमका

मेळघाटातील कोरकू पाड्यांत पोट फुगलेल्या किंवा धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर तापवलेल्या विळ्याने चटके देतात. याला ‘डंबा’ म्हणतात. अन्यत्र बिब्ब्याचे ठिपके देतात. त्या तेलाने कोवळी कातडी भाजून निघते. आजाराने आधीच थकलेल्या बाळाला यातून वेदना होतात, जखमेतून नवा संसर्ग होतो आणि खरा उपचार लांबतो. अशा प्रकरणांत गुन्हेही दाखल झाले आहेत. तरी नुसत्या धाकाने ही रीत संपणार नाही, ती लपून चालू राहील. रात्री दोन वाजता बाळ धापा टाकत असताना आईच्या दाराशी जो येतो तो भूमकाच, म्हणजे पाड्यातला पारंपरिक वैदूच असतो. त्याला बाजूला सारण्यापेक्षा श्वास मोजायला शिकवून बाळाला दवाखान्याकडे पाठवणारा दुवा करणे अधिक उपयोगाचे आहे.

डब्ब्यासारखे दिसणारे

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापातही मूल जोरजोराने श्वास घेते. म्हणून तिथे ताप आणि धाप दोन्ही असतील, तर बोटातून रक्त घेऊन हिवतापाची जलद चाचणी करावी, आणि ती सकारात्मक आली तरी न्यूमोनियाचे औषध थांबवू नये. पावसाळ्यातल्या हगवणीत अंगातले पाणी फार कमी झालेले मूलही खोल, जलद श्वास घेते. त्याचे डोळे खोल गेलेले असतात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जाते. अशा मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे आणि वाटेत घोट घोट क्षारसंजीवनी (ओआरएस) पाजत राहावी. एक पुडी एक लिटर पाण्यातच कालवावी, पेलाभर पाण्यात नव्हे. हगवणीत जस्ताची गोळीही १४ दिवस देतात : सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातल्या मुलांचा खास धोका आहे. लहान वयात हातापायांचे पंजे सुजून दुखणे, ही त्याची पहिली खूण असू शकते. सिकलसेलच्या मुलाला ताप आणि खोकला एकत्र आले, तर श्वास जलद नसला तरी त्याला थेट रुग्णालयात न्यावे. त्याची प्लीहा निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखे जंतू त्याला फार लवकर घेरतात. कुपोषित मुलाचेही तसेच : दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या मुलाला न्यूमोनियात तापही येत नाही असे घडते.

प्रतिबंध

बाळंतिणीच्या बंद खोलीत शेकासाठी ठेवलेली शेगडी आणि पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारी चूल यांचा धूर बाळाच्या फुप्फुसाला सर्वांत जवळचा शत्रू आहे. शेक थांबवणे घरातल्या म्हाताऱ्यांना पटत नाही. निदान धूर पूर्ण ओसरल्यावरच निखारे आत न्यावेत आणि झरोका उघडा ठेवावा. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. लसींपैकी पंचसंयोजी लसीत हिब जंतूविरुद्धचे संरक्षण असते (६, १०, १४ आठवडे). गोवरानंतरचा न्यूमोनिया विशेष घातक असतो, म्हणून नवव्या महिन्यानंतरची गोवर-रुबेलाची मात्रा आणि दुसऱ्या वर्षातली पुढची मात्रा चुकवू नये. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरातील सरकारी लसीकरणात मोफत आहे. ती ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयांत अंगणवाडीत किंवा उपकेंद्रावर मिळते.