घरगुती सौर इन्व्हर्टरची सायबर सुरक्षा (गोवा)

इंटरनेटला जोडलेल्या सौर इन्व्हर्टरमध्ये कोणी परस्पर शिरले, तर घरमालकाची माहिती, त्याची वीजनिर्मिती आणि पर्यायाने सारे वीजजाळे यांना पोचणाऱ्या धोक्याचा हा विषय आहे. गोव्यात ‘इन्व्हर्टर’ म्हटले की पुष्कळांना वीज गेल्यावर पंखा चालवणारी बॅटरीच आठवते. छतावरच्या पॅनेलची डीसी वीज एसी करून वीज खात्याच्या लाइनवर सोडणारा इन्व्हर्टर वेगळा. त्याच्या बुडाशी एक छोटा डोंगल खोचलेला असतो. तो घरच्या वाय-फायवरून आकडे कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि आज किती युनिट झाली ते मोबाइलवर दिसते.

खरी गोम इथेच आहे. आकडे ज्या वाटेने जातात, त्याच वाटेने हुकूमही येऊ शकतात: इन्व्हर्टर बंद करणे, निर्मितीला मर्यादा घालणे, नवे फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) चढवणे. मार्च 2025 मध्ये फोरस्काउट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सनग्रो, ग्रोवॉट आणि एसएमए या इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रणालींतील 46 नव्या त्रुटी जाहीर केल्या. त्याआधी 2024 मध्ये जपानमध्ये सौर प्रकल्पांवर दूरून देखरेख करणारी सुमारे 800 उपकरणे ताब्यात घेतली गेली आणि त्यांच्या आडून बँक खात्यांतले पैसे चोरले गेले. त्या चोरांना विजेत काहीच रस नव्हता. इंटरनेटवर उघडे पडलेले एक दार त्यांना पुरले.

एका घराचे 3 किलोवॉट बंद पडले तर वीजजाळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण एकाच सर्व्हरवरून लाखो इन्व्हर्टर एका क्षणी बंद झाले, तर वीजजाळ्याच्या 50 हर्ट्झ वारंवारतेचा तोल सांभाळणे कठीण होते. 2024 मध्ये सुरू झालेल्या, छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या ‘पीएम सूर्यघर’ या केंद्राच्या योजनेचे लक्ष्य 1 कोटी घरांचे आहे, त्यामुळे ही भीती हवेतली नाही. बहुतांश वीज बाहेरून घेणाऱ्या गोव्याने तर हा विषय मनावर घ्यायलाच हवा.

गोव्यातली घरे आणखी एका कारणाने उघडी पडतात. होमस्टेमध्ये वाय-फायचा पासवर्ड हॉलच्या भिंतीवर कागदावर चिकटवलेला असतो आणि पाहुण्यांच्या त्याच नेटवर्कवर इन्व्हर्टरही असतो. कित्येक घरे चवथीपुरती उघडतात. एरवी मालक मुंबईत किंवा परदेशात. मग ॲपमधले खाते इन्व्हर्टर बसवणाऱ्याच्याच ईमेलवर राहते, मालकाला फक्त आकडे पाहता येतात. बसवणाऱ्याने धंदा सोडला तरी किल्ली त्याच्याकडेच. तांत्रिक त्रुटींपेक्षा ही ढिलाई अधिक घातक मानायला हवी, कारण तिच्यासाठी हॅकरचीही गरज लागत नाही.

काम झाल्यावर अंतिम पैसे देण्यापूर्वी मुख्य खाते आपल्या नावावर करून घ्यावे. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे नेटवर्क ठेवावे. डोंगलचा मूळ पासवर्ड बदलावा आणि त्याच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर व क्यूआर कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. सायबर फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तक्रार करता येते.

डोंगल काढला तरी साध्या ग्रिड-टाय (वीजजाळ्याला जोडलेल्या) इन्व्हर्टरची निर्मिती सहसा थांबत नाही आणि घेतलेली व लाइनवर सोडलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरची मोजणी चालूच राहते. फक्त ॲपमधला आलेख रिकामा दिसतो.