बदकाच्या पायांचा हिमदंश

कडाक्याच्या थंडीत बदकाच्या पायाची बोटे, बोटांमधील पडदे किंवा तळवा गोठून तेथील ऊतींना होणाऱ्या इजेस बदकाच्या पायांचा हिमदंश म्हणतात. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये आणि उत्तर व पूर्व युरोप येथे परसात बदके पाळणाऱ्यांना ही इजा परिचित आहे. भारतात काश्मीर खोऱ्यासारख्या भागात तिचा संभव असतो. तेथे २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’ची थंडी पडते आणि दल सरोवराचे पाणीही काठाने गोठते. महाराष्ट्रातील हिवाळा बदकाचा पाय गोठवण्याइतका तीव्र नसतो. परदेशी थंड मुलखात स्थायिक झालेल्या मराठी माणसाने मात्र बदके पाळल्यास हा विषय त्याला पहिल्याच हिवाळ्याआधी माहीत असायला हवा.

बदकाचा पाय मुळात थंडीसाठीच घडलेला असतो. शरीराचे तापमान ४१ ते ४२° से.च्या आसपास असले, तरी उघडे पाय गोठणबिंदूच्या जेमतेम वर राहूनही काम करू शकतात. पायात उतरणाऱ्या रोहिण्या आणि वर परतणाऱ्या नीला एकमेकींना बिलगून असल्यामुळे खाली जाणारे उष्ण रक्त आपली बरीचशी उष्णता परतणाऱ्या थंड रक्ताला देते आणि ती बाहेर न जाता शरीरातच राहते. हालचाल घडवणारे स्नायू पिसांनी झाकलेल्या वरच्या भागात असतात. खाली मुख्यतः हाडे, कंडरा आणि कातडी असते. पाय गोठू लागला, की त्यातील रक्तप्रवाह वाढवूनही बदक त्याला वाचवते. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून ते दुसऱ्यावर उभे राहते, तेही उष्णता राखण्यासाठीच.

एवढे असूनही पाळीव बदकाचे पाय गोठतात, याचे कारण बहुधा नुसत्या थंडीत नसून पाळण्याच्या व्यवस्थेत असते. विष्ठेने आणि सांडलेल्या पाण्याने ओला झालेला पेंढा, अडोशाविना लागणारा वारा, पत्र्यावर किंवा बर्फावर तासन् तास उभे राहणे आणि अपुरे खाणे ही खरी कारणे होत. थापट्या, चक्रवाक यांसारखी रानबदके उत्तरेकडील पाणी गोठण्याआधीच निघून उजनी, जायकवाडीसारख्या जलाशयांवर उतरतात. पेकिनसारख्या जड पाळीव जातीला उडून जाता येत नाही, तिला माणूस ठेवील तेथेच राहावे लागते. मस्कोव्ही बदक तर मूळचे मेक्सिको ते दक्षिण अमेरिका या उष्ण प्रदेशातले असल्याने त्याला हिमदंशाचा धोका विशेष असतो.

गोठलेला भाग फिकट, करडा किंवा निळसर दिसतो, हाताला थंड व कडक लागतो आणि बधिर झालेला असतो. बदक लंगडते किंवा बसून राहते. ऊब मिळाल्यावर तोच भाग लाल होऊन सुजतो, फार दुखतो व त्यावर फोड येतात. पुढे काही दिवसांत जिवंत भागाचा रंग परततो आणि मेलेला भाग काळा पडून वाळू लागतो. पक्षी वेदना लपवतात; म्हणून खाणे सोडणे, डोळे मिटून निपचित बसणे आणि चोचीने पाय टोचणे या खुणांकडे बारकाईने पाहावे लागते.

प्रथमोपचारात क्रमाला महत्त्व आहे. बदकाला आधी कोरड्या, वारा नसलेल्या खोलीत आणावे. ते मलूल असेल, तर सबंध शरीर हळूहळू उबदार होऊ द्यावे. त्यानंतर ३७ ते ३९° से. तापमानाच्या पाण्यात फक्त पाय बुडवावेत. हे तापमान हाताच्या अंदाजाने न ठरवता तापमापीने पाहावे, कारण बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही. पाणी निवू लागले, की पायापासून दूर थोडे गरम पाणी मिसळत राहावे आणि कातडी मऊ होऊन तिचा रंग परतू लागेपर्यंत, साधारणतः १५ ते ३० मिनिटे, हे चालू ठेवावे. मग पाय मऊ कापडाने टिपून घ्यावेत. पाय पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर मात्र ते वितळवू नयेत; वितळून पुन्हा गोठलेल्या ऊतीची हानी पहिल्याहून अधिक होते.

पाय चोळू नयेत, त्यांवर बर्फ घासू नये आणि शेगडी, केस वाळवण्याचे यंत्र किंवा गरम पिशवी लावू नये. फोड फोडू नयेत. घरातली वेदनाशामके देऊ नयेत, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे त्यांची प्रेते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती लाखोंनी मेली आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. बदकाला कोणते वेदनाशामक किंवा प्रतिजैविक किती द्यायचे आणि त्या काळातली अंडी केव्हापर्यंत खायची नाहीत, हे पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यानेच ठरवावे.

यानंतरचे आठवडे वाट पाहण्याचे असतात, आणि सगळ्यात अवघड काम हेच आहे. जिवंत व मृत ऊतीमधली सीमा स्पष्ट व्हायला तीन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. पहिल्या आठवड्यात गेलेले वाटणारे बोट नंतर वाचू शकते. म्हणून ओला संसर्ग झाला नसेल, तर कापण्याची घाई करू नये. कोरडा काळा भाग अनेकदा आपोआप गळून पडतो. दुर्गंधी, ओलसर स्राव किंवा वर चढणारी सूज दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. या काळात जाड, मऊ आणि रोज बदललेले अंथरूण हवे, नाहीतर सतत बसून छातीच्या हाडावर जखम होते आणि दुखरा पाय उचलून धरल्याने चांगल्या पायाच्या तळव्याला गळू होते. पोहणे काही दिवस थांबले, तरी चोच नाकपुड्यांसकट बुडेल एवढे पाणी बदकाला मिळालेच पाहिजे. शक्य असल्यास सोबतीचे बदक जवळ किंवा जाळीपलीकडे ठेवावे, कारण एकटे पडलेले बदक खाणे टाकते.

पडद्याचा काही भाग किंवा एखादे बोट गमावलेले बदक सहसा नीट चालते व पोहते. दोन्ही पंजे गेल्यास प्रश्न कठीण होतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हिमदंशाने दोन्ही पाय गमावलेल्या फिलिप नावाच्या बदकासाठी ऑशकॉश येथील एका शालेय शिक्षकाने त्रिमितीय मुद्रणयंत्रावर कृत्रिम पाय तयार केले. ते २०१६ मध्ये बसवल्यावर फिलिप त्यांवर चालू लागला.

एकदा गोठलेला पाय पुढच्या थंडीतही लवकर गोठतो. शिवाय घरात राहून आंघोळ न मिळालेल्या बदकाची पिसे पाणी पूर्वीसारखी झटकत नाहीत. म्हणून त्याला आधी उबदार वेळी आंघोळ करून शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावू द्यावे आणि मगच थोडा थोडा वेळ बाहेर सोडावे, शक्यतो थंडी सरल्यावर. खुराड्यात कोरडा पेंढा जाड पसरावा, वाऱ्याच्या बाजूला अडोसा करावा, पण दमट हवा जाण्यासाठी वरचे झरोके उघडे ठेवावेत. ती कोंडली, तर अंथरूण ओले होते. अंगणातल्या बर्फावर फळ्या किंवा पेंढ्याची वाट करून द्यावी आणि पाण्याचे भांडे खुराड्याबाहेर ठेवावे.