दुधाचा वास ‘फनी’ असतो तेव्हा

माझी भाची सातवीत आहे, नाशिकला गंगापूर रोडला राहते. गेल्या रविवारी तिची इंग्रजीची वही चाळत होते. भाषांतराला वाक्य होतं, ‘द मिल्क स्मेल्स फनी.’ तिने लिहिलं होतं, ‘दुधाला विनोदी वास येत आहे.’ त्यावर लाल पेनाची आडवी रेघ, बाजूला एक शब्दही नाही.

“मावशी, डिक्शनरीत हाच अर्थ दिलाय,” ती रडवेली होऊन म्हणाली. खरंच दिला होता. मी विचारलं, “फ्रिजमधलं दूध हुंगून आई काय म्हणते गं?” क्षणभर थांबून म्हणाली, “वेगळाच वास येतोय म्हणते.” झालं की भाषांतर!

तिची चूक मला चूक वाटतच नाही. चूक आहे ती शब्दाला एकच ‘खरा’ अर्थ असतो आणि बाकीचे अर्थ म्हणजे अपवाद, या आपल्या समजुतीत. ‘फनी’ घ्या. गोष्ट फनी असेल तर ती गमतीदार. पोटात फनी वाटत असेल तर कसंतरी होतंय. हिशेबात काही फनी दिसलं तर काहीतरी काळंबेरं आहे. कुणी रागावून ‘डोंट गेट फनी विथ मी’ म्हटलं तर ‘जास्त शहाणपणा करू नकोस’. अंबडच्या गॅरेजवाल्याला आपण सांगतो, “गाडीतून कसलातरी आवाज येतोय.” इंग्रजीत तोही आवाज फनीच.

मुळात ‘फन’ म्हणजे फसवणूक. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द टोपी घालणे या अर्थाने वापरात होता. अठराव्या शतकात त्याचा अर्थ मौजमजा झाला, त्यावरून ‘फनी’ म्हणजे हसू आणणारं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘फनी’ला विचित्र हाही अर्थ चिकटला. हा निव्वळ योगायोग म्हणावा, तर फ्रेंचमधल्या ‘द्रोल’ला आणि जर्मनमधल्या ‘कोमिश’लाही हेच दोन अर्थ आहेत. आणि आपण? “गंमत बघ, कुलूप जसंच्या तसं आणि आतले पैसे गायब!” यात हसण्यासारखं काय आहे? तरी तोंडात शब्द येतो तो गंमतच. कारण हसू आणि शंका, दोन्ही अपेक्षाभंगातून जन्मतात. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७९० सालीच म्हटलं होतं की ताणलेली अपेक्षा एकाएकी विरून जाते तेव्हा हसू येतं. अपेक्षा मोडली आणि धोका नसला तर आपण हसतो. धोक्याचा वास आला तर नाक मुरडतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. वाक्य ऐकताना मेंदू योग्य अर्थ निवडतो कसा?

नाशिककराला ‘घाट’ म्हटलं की गोदावरीच्या काठच्या पायऱ्याही आठवतात आणि कसाऱ्याचा घाटही. ‘पुरात घाट बुडाला’ ऐकताना कसारा डोळ्यांपुढे येत नाही, असं आपल्याला वाटतं. पण प्रयोग वेगळंच सांगतो. डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली तो प्रसिद्ध केला. माणसांना हेडफोनवर एक उतारा ऐकवला. खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले, असं त्यात होतं. बग म्हणजे किडा, तसंच चोरून ऐकण्याचं यंत्रही. इथे किडाच अभिप्रेत आहे, हे उघड होतं. ‘बग्ज’ कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटत, आणि हा खरा शब्द आहे की नाही, हे बटण दाबून सांगायचं असे. कधी ‘मुंगी’ उमटे, कधी ‘हेर’, कधी काहीच संबंध नसलेलं ‘शिवणे’ (शब्द अर्थात इंग्रजी होते). मनात आधीच जागा झालेल्या अर्थाशी जवळचा शब्द चटकन ओळखता येतो, त्यामुळे बटण दाबायला लागलेला वेळ मोजला की मनात कोणता अर्थ जागा होता ते कळतं.

‘मुंगी’ चटकन ओळखली गेली, यात नवल नाही. पण ‘हेर’ही तितक्याच चटकन ओळखला गेला! वाक्यात किडे वळवळत असताना हेराचा अर्थही जागा झाला होता. तेच शब्द तीन सिलॅबल (उच्चारातली अक्षरं) बोलायला लागतात तेवढ्या उशिराने दाखवले तेव्हा फक्त मुंगी उरली होती, हेर विझला होता. म्हणजे मेंदू आधी सगळी दारं उघडतो आणि मग संदर्भ बघून नको ती लावून घेतो. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘फनी’ची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. बगच्या त्या दोन अर्थांचं नातं बोलणाऱ्याला जाणवत नाही. फनीचे अर्थ मात्र सख्खी भावंडं आहेत. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की परस्परांशी संबंध नसलेले अर्थ असले तर शब्द ओळखायला वेळ जास्त लागतो; पण एकाच अर्थाच्या अनेक छटा असल्या तर शब्द उलट लवकर ओळखला जातो. छटा एकमेकींच्या आड येत नाहीत, हात देतात.

मुलांचा ‘मिडब्रेन’, म्हणजे मेंदूचा मधला भाग, जागा करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो, असं सांगत फिरणारे वर्ग मी पाहिले आहेत. पट्टीच्या फटीतून बघायला शिकवून पालकांचे हजारो रुपये घेणं ही सरळ लूट आहे. पट्टी न बांधता वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात दर वाक्याला जे घडतं, ते फुकट आहे आणि खरं आहे.

निघताना भाचीचं कोपर टेबलाच्या कडेला आपटलं. करंगळीपर्यंत करंट गेला म्हणत ती हात झाडत राहिली. मी सांगितलं, यालाच इंग्रजीत ‘फनी बोन’ म्हणतात. ते हाड नाहीच. तिथून अल्नर नावाचा मज्जातंतू हाडाच्या उंचवट्यामागून अगदी कातडीजवळून जातो. त्याला मार बसला की तो ज्या भागाची संवेदना वाहून नेतो, त्या करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात झिणझिण्या येतात. “मग इथला फनी हसण्यातला नाही,” ती कोपर चोळत म्हणाली, “कसंतरी होण्यातला.” आणि वहीत लाल रेघेखाली तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘दुधाला वेगळाच वास येतोय.’