चोरीच्या क्रिप्टोचा माग आणि परतावा (ग्रामीण विदर्भ)

फसवून किंवा चोरून नेलेले बिटकॉइन, ईथर, यूएसडीटी (डॉलरच्या मूल्याशी बांधलेले नाणे) यांसारखे आभासी चलन ब्लॉकचेनवरील, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या डिजिटल नोंदवहीतील, नोंदींच्या आधारे शोधणे, ते जिथे थांबले असेल तिथे गोठवणे आणि न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकाला परत मिळवून देणे, असा या विषयाचा आवाका आहे. माग बहुतेक वेळा निघतो, पण पैसा हाती पडणे ही त्याच्या फार पुढची गोष्ट असते. विदर्भाच्या खेड्यांतील प्रकरणांत तर नाण्यांच्या मागापेक्षा त्याआधी बँकेतून गेलेल्या रुपयांचा माग अधिक उपयोगी पडतो. नेमकी हीच बाब तक्रारदाराला वेळेवर कोणी सांगत नाही.

फसवणुकीचे स्वरूप

यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलडाणा या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात क्रिप्टो दोन वाटांनी पोहोचले. पहिली वाट ओळखीच्या माणसाची. विमा एजंट, शिक्षक, भिशी चालवणारा किंवा नात्यातलाच कोणी 'कॉइन'ची योजना घेऊन येतो, तालुक्याच्या लॉनवर सेमिनार होतो आणि रक्कम बहुधा रोखीने दिली जाते. अशा योजनांत पुष्कळदा एकही नाणे विकत घेतलेले नसते. मोबाइलच्या ॲपवर वाढत जाणारा आकडा दिसतो, त्यामागे काहीच नसते. त्यामुळे ब्लॉकचेनवर शोधण्यासारखेही काही उरत नाही.

दुसरी वाट मोबाइलची. समजा, दारव्हा तालुक्यातील एका कास्तकाराच्या मुलाला टेलिग्रामवर घरबसल्या कामाचा निरोप आला. सुरुवातीला दोन-तीनशे रुपये खरोखर जमा झाले, विश्वास बसला. मग मोठे 'टास्क' घेण्यासाठी यूएसडीटी भरायला सांगितले गेले. त्याने एक्स्चेंजच्या (आभासी चलनाच्या ऑनलाइन बाजाराच्या) पीटूपी, म्हणजे ग्राहकाने ग्राहकाशी थेट व्यवहार करण्याच्या, विभागात अनोळखी विक्रेत्याच्या खात्यावर यूपीआयने पैसे पाठवले, विक्रेत्याने तेवढे यूएसडीटी त्याच्या वॉलेटमध्ये (नाण्यांच्या डिजिटल पाकिटात) सोडले आणि मुलाने ते स्वतःच्या हाताने ठगाच्या पत्त्यावर धाडले. कापसाचा चुकारा नुकताच खात्यात पडलेला असेल, तर दोन-चार दिवसांत तो सगळा या वाटेने जातो. या व्यवहाराचे दोन भाग पडतात, रुपयांचा आणि नाण्यांचा. दोन्हींचा तपास वेगळ्या पद्धतीने होतो आणि पोलिसांपुढे दोन्हींची कागदपत्रे वेगवेगळी ठेवावी लागतात.

माग कसा काढतात

बिटकॉइनची पहिली नोंद ३ जानेवारी २००९ची. तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार आजही कोणालाही पाहता येतो. गावच्या फेरफार रजिस्टरप्रमाणे एका हातातून दुसऱ्या हातात काय गेले हे ओळीने लागलेले असते. फरक असा की इथे खातेदाराच्या नावाच्या जागी अक्षर-अंकांचा लांबलचक पत्ता असतो आणि चुकलेली नोंद रद्द करणारा तहसीलदार नसतो.

ट्रॉन या ब्लॉकचेन जाळ्यावरील यूएसडीटीचा पत्ता इंग्रजी 'टी' अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. प्रत्येक व्यवहाराला ६४ अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो, तोच ट्रान्झॅक्शन आयडी. तो ट्रॉनस्कॅनसारख्या मोफत संकेतस्थळावर टाकला की किती नाणी, कोणत्या मिनिटाला, कोणत्या पत्त्यावर गेली हे तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावरही दिसते. पुढचे टप्पेही दिसतात. ठगाच्या पहिल्या पत्त्यावर रक्कम सहसा काही मिनिटेच टिकते, नंतर ती इतर फसलेल्यांच्या रकमांसह एका मोठ्या पत्त्यात गोळा केली जाते.

इथून पुढचे काम जाणकाराचे. चेनॲलिसिस, टीआरएम लॅब्स, एलिप्टिक या कंपन्यांची साधने पत्त्यांचे गट पाडतात. बिटकॉइनच्या एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांतून पैसे आले, तर ते पत्ते एकाच मालकाचे असण्याची शक्यता मोठी असते, या साध्या तर्कावर बरेचसे विश्लेषण उभे आहे. ट्रॉनवर वेगळा धागा सापडतो. यूएसडीटी पाठवायला शुल्क लागते आणि ते ट्रॉनच्या स्वतःच्या नाण्यात भरावे लागते. नवनव्या पत्त्यांना हे शुल्क पुरवणारा पत्ता एकच निघाला, तर वरवर असंबद्ध दिसणारे पत्ते एकाच टोळीचे असल्याचा संशय बळावतो.

हा सगळा माग एकाच गोष्टीसाठी काढायचा असतो : नाणी कुठल्या तरी एक्स्चेंजच्या पत्त्यात शिरली का? शिरली असतील तर त्या खात्यामागे केवायसी आहे, म्हणजे नाव, फोटो, फोन क्रमांक आणि बँक खाते आहे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी सक्तीची झाली. बायनान्ससारख्या परदेशी एक्स्चेंजलाही २०२४ मध्ये १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाला आणि नोंदणी करावी लागली. जिल्ह्याच्या सायबर ठाण्यातून गेलेल्या नोटिशीला उत्तर मिळण्याची शक्यता त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढली आहे.

माग कुठे तुटतो

मिक्सर नावाच्या सेवेत अनेकांची नाणी एकत्र होऊन बाहेर पडतात. ब्रिज या सेवेतून नाणी एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर उडी मारतात. मोनेरो या नाण्यात रक्कम आणि पत्ते मुळातच झाकलेले असतात. गावातल्या रकमांसाठी मात्र ठगाला एवढी खटपट क्वचितच करावी लागते. तो नाणी पुन्हा पीटूपीवर विकतो किंवा भाड्याच्या केवायसीवर काढून घेतो. केवायसीवरचे नाव भलत्याच राज्यातील एखाद्या मजुराचे निघते. त्याने दोन-चार हजारांत खाते आणि सिमकार्ड देऊन टाकलेले असते. विदर्भातील तरुणांनाही खाते भाड्याने देण्याची आमिषे येतात. पैसे कुठून आले हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी सांगितले तरी पहिला आरोपी म्हणून नाव त्यांचेच लागते.

यूएसडीटीच्या बाबतीत आणखी एक दरवाजा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. हे नाणे काढणारी टेथर ही कंपनी एखाद्या पत्त्यावरील यूएसडीटी गोठवू शकते, इतकेच नव्हे तर ते नष्ट करून तितकेच नव्याने दुसऱ्या पत्त्यावर देऊ शकते. त्यासाठी तपास यंत्रणेची अधिकृत मागणी लागते, पीडिताच्या ई-मेलवर हे होत नाही. बिटकॉइनला असा कोणीही धनी नाही.

रुपयांची वाट

तक्रारीचा पहिला फोन १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा पहिली नोंद राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करायची असते. या यंत्रणेला देशातील बँका आणि पेमेंट कंपन्या जोडलेल्या आहेत. तक्रारीतील यूटीआर क्रमांकावरून (बँक व्यवहाराच्या ओळखक्रमांकावरून) रक्कम ज्या खात्यात गेली तिथे, तिथून पुढे सरकली असेल तर पुढच्या खात्यांत, शिल्लक असेल तेवढी रक्कम 'होल्ड' केली जाते. पहिल्या दोन-तीन तासांत केलेल्या फोनने जे साधते ते तीन आठवड्यांनी केलेल्या अर्जाने साधत नाही. खेड्यात उशीर होण्याचे कारण बहुधा लाज असते. घरी सांगायचे कसे, या विचारात आठवडा जातो आणि तोवर टेलिग्रामवरील संभाषण ठगाने दोन्ही बाजूंनी पुसून टाकलेले असते.

पीटूपीच्या प्रकरणात इथे एक गुंता होतो. ज्या विक्रेत्याच्या खात्यावर रुपये गेले, त्याने नाणी प्रत्यक्षात दिलेली असतात. तो टोळीचा असू शकतो, तसाच निव्वळ व्यापारीही असू शकतो. तक्रारीत फक्त 'माझे पैसे या खात्यात गेले' एवढेच लिहिले तर त्याचे खाते गोठते आणि ठगाचे वॉलेट मोकळे राहते. म्हणून तक्रारीत दोन्ही टप्पे लिहायला हवेत : यूटीआरसह बँकेचा शिक्का असलेले स्टेटमेंट, एक्स्चेंजवरील ऑर्डर क्रमांक, नाणी बाहेर गेल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी आणि ठगाचा पत्ता. पत्ता हाताने उतरवू नये. मोठे-लहान अक्षर एक जरी चुकले तरी तो निरुपयोगी होतो. स्क्रीनशॉटसोबत तो कॉपी करून द्यावा.

गोठवणुकीची झळ तिऱ्हाइतालाही बसते. फसवणुकीचे काही हजार रुपये तिसऱ्या-चौथ्या खात्यातून फिरत एखाद्या कापूस व्यापाऱ्याच्या किंवा किराणा दुकानदाराच्या खात्यात येतात आणि दुसऱ्या राज्याच्या पोलिसांच्या सूचनेवरून त्याचे अख्खे खाते बंद पडते. वादातील रक्कमच रोखावी, पूर्ण खाते नको, अशी मागणी अशा वेळी तपास अधिकाऱ्याकडे आणि दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. तिथे दाद न मिळाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची वाट असते.

पोलीस ठाणे आणि न्यायालय

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारीच करू शकतो. विदर्भातील अनेक ग्रामीण ठाण्यांचे प्रमुख सहायक पोलीस निरीक्षक असतात. त्यामुळे प्रकरण जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडे जाते आणि तक्रारदाराला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागतात. तरीही गावच्या ठाण्याने 'इथे होत नाही' म्हणून परत पाठवणे कायद्यात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. नकार मिळाला तर तीच खबर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते.

जप्ती याच संहितेच्या कलम १०६ खाली होते. होल्ड झालेली रक्कम परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (लागेल तेव्हा परत हजर करण्याच्या हमीवर) ती मागितली जाते. कलम १०७ अधिक व्यापक आहे. पोलिसांच्या अर्जावर न्यायालय गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करू शकते आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत ती पीडितांमध्ये प्रमाणशीर वाटण्याचा आदेश देऊ शकते. हे वाटप साठ दिवसांत व्हावे असे कायदा सांगतो. फसलेल्यांच्या दृष्टीने नव्या संहितेतील ही मोलाची तरतूद आहे. ती वापरली जावी म्हणून तक्रारदारांनी एकत्र येऊन तपास अधिकाऱ्याकडे लेखी आग्रह धरायला हवा.

आभासी चलन ही मालमत्ता आहे का, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका खातेदार महिलेच्या प्रकरणात ती मालमत्ताच आहे आणि विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे म्हटले. जप्ती आणि परताव्याच्या दाव्यांत हा निर्णय आधार म्हणून पुढे ठेवता येतो.

जप्त नाणी सांभाळणे हे वेगळेच जोखमीचे काम आहे. ज्याच्याकडे खासगी किल्ली, किंवा ती जिच्यातून तयार होते ती १२ किंवा २४ शब्दांची मालिका, तोच मालक. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या फसवणूक प्रकरणात पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये तपासाला मदत करणाऱ्या दोघा तज्ज्ञांनाच नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक केली होती. पंचनाम्यात वॉलेटचा पत्ता, नाण्यांची संख्या आणि सरकारी वॉलेटमध्ये वळवल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी आला आहे का, हे तक्रारदाराच्या वकिलाने म्हणूनच तपासावे.

प्रत्यक्ष परताव्याचे अनुभव

जगातील मोठ्या प्रकरणांवरून आशा आणि मर्यादा दोन्ही दिसतात. बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये सुमारे १,१९,७५४ बिटकॉइन गेले. अमेरिकी यंत्रणांनी २०२२ मध्ये त्यांतील ९४,०००हून अधिक हस्तगत केले, कारण किल्ल्या आरोपीच्या क्लाउड खात्यात सापडल्या. कलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधन-वाहिनी कंपनीने २०२१ मध्ये दिलेल्या ७५ बिटकॉइनच्या खंडणीपैकी ६३.७ परत मिळाले. जपानची माउंट गॉक्स ही एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडाली, तिच्या धनकोंना नाणी मिळायला जुलै २०२४ उजाडला. भारतातील वझीरएक्समधून १८ जुलै २०२४ रोजी २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची नाणी गेली. चोर उत्तर कोरियाचे असल्याचे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्तपणे सांगितले, पण त्यांच्याकडून नाणी परत आली म्हणून खातेदारांना काही मिळाले असे झाले नाही. सिंगापूरच्या न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेखाली उरलेली नाणी आणि तोटा खातेदारांत वाटला गेला. चोर कोण हे कळणे आणि चोरी परत येणे यांतले अंतर या एका प्रकरणात पुरेसे स्पष्ट होते.

ओळखीच्या माणसाने आणलेल्या योजनांसाठी वेगळे हत्यार आहे : महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९, म्हणजेच एमपीआयडी. या कायद्याखाली योजना चालवणाऱ्याचे प्लॉट, गाड्या, बँक खाती जप्त होतात, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयाच्या देखरेखीखाली विक्रीतून ठेवीदारांना वाटा मिळतो. नाणी कधीच नव्हती, तिथेही हा मार्ग चालतो. गेनबिटकॉइनने दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असे आश्वासन दिले होते. त्या प्रकरणांचा तपास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सीबीआयकडे सोपवला. नागपुरातही २०२२ मध्ये ईथरच्या नावाने चाललेल्या योजनेतील कथित सूत्रधाराला लोणावळ्यातून पकडण्यात आले. अशा प्रकरणांत रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा हीच मोठी अडचण असते. एजंटने वहीत केलेली सही, व्हॉट्सॲपवर 'पोहोचले' असे आलेले उत्तर, त्याच दिवशी खात्यातून काढलेली रक्कम, सेमिनारचे फोटो, जे असेल ते जबाबासोबत जोडावे. पुढे सक्षम प्राधिकाऱ्याने दावे मागवल्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते. गावात ती नजरेतून सुटू शकते, म्हणून चौकशी चालू ठेवावी लागते.

परतावा मिळवून देणारे ठग

फसलेल्यांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जातात. काही आठवड्यांनी 'तुमची नाणी सापडली आहेत' असा फोन येतो. सायबर अधिकारी, वकील, एथिकल हॅकर किंवा परदेशी कंपनी अशी ओळख सांगितली जाते. पुरावा म्हणून ट्रान्झॅक्शन आयडी आणि रकमेचा तंतोतंत आकडा दिला जातो. तो ब्लॉकचेनवर कोणालाही दिसतो हे माहीत नसल्याने ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. मग नोंदणी फी, 'गॅस फी' (ब्लॉकचेनवरील व्यवहाराचे शुल्क), आयकर किंवा न्यायालयाची अनामत मागितली जाते. या फसवणुकीत लोक दागिने आणि उरलेसुरले वावर गहाण टाकतात, म्हणून ती पहिलीहून क्रूर आहे. ब्लॉकचेनवरील झालेला व्यवहार कोणताही हॅकर उलटा फिरवू शकत नाही. गोठलेली रक्कम सोडवण्यासाठी पोलीस कोणाच्याही यूपीआयवर पैसे मागत नाहीत आणि वॉलेटचे १२ शब्द तर कोणत्याही यंत्रणेला पीडिताकडून फोनवर लागत नाहीत. असा फोन आल्यास त्याची स्वतंत्र तक्रार १९३० वर द्यावी आणि मूळ गुन्ह्याच्या तपास अधिकाऱ्यालाही तो क्रमांक कळवावा. दोन्ही टोळ्या एकच असल्याचे त्यातून उघड होऊ शकते.